टाकीच्या रेघा

पेट्रोल-डिझेल मिळेनासं झालं आणि पाचव्या दिवशी दुधाचा टेम्पो आला नाही. मी दोन्ही कॅन फाटकाशी आणून ठेवले होते. साडेसहा वाजले, सात वाजले. ऊन चढलं तसे कॅन सावलीत नेले. लांबून आवाज आला म्हणून पुन्हा बाहेर आणले. तो शेजारच्या मळ्यातल्या पंपाचा आवाज होता.

दूध संकलन केंद्रात आमचा नंबर एक्केचाळीस. तो माझ्या नावावर नाही, बायकोच्या नावावर आहे. ती जाऊन चार महिने झाले. केंद्रातल्या कारकुनानं नाव बदलायचा फॉर्म मला दोनदा दिला. दोन्ही वेळा मी तो घडी करून खिशात ठेवला आणि शर्टाबरोबर धुऊन टाकला. पावती अजून तिच्याच नावानं निघते. केंद्राचा नियम असा, की लागोपाठ पंधरा दिवस दूध आलं नाही तर नंबर रद्द. तो यादीतल्या पुढच्या माणसाला जातो. मग तिचं नाव कशावरच राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅन सायकलला बांधले आणि ढकलत निघालो. केंद्र पाच किलोमीटरवर आहे. पुलापर्यंत ठीक होतं. पुलानंतरच्या चढावर डाव्या गुडघ्यात कळ आली ती थांबेना. पोचलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. शटर अर्धं खाली होतं, खालून कारकुनाचे पाय दिसत होते.

"आठला बंद होतं, काका," पाय म्हणाले.

"चालत आणलंय."

"दिसतंय. पण मशीन धुऊन झालं."

परत येईपर्यंत दूध नासलं होतं. गुडघा इतका सुजला की पुढचे दोन दिवस मी आडवाच होतो. धारा काढायला आणि गोठा बघायला माझी मोठी मेव्हणी यायची. बायकोची ही थोरली बहीण आमच्याच रस्त्याला, चार घरं सोडून राहते. बायको गेल्यापासून माझा दोन वेळचा डबा तिच्याकडूनच येतो. आमच्या स्वयंपाकघरातली शेगडी तेव्हापासून पेटलेली नाही. तिच्यावर फडकं टाकून ठेवलंय.

टेम्पो बंद पडल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी लंगडत गोठ्यामागे गेलो. तिथं शेणाच्या गॅसची टाकी आहे. खाली विहिरीसारखा खड्डा, त्यात कालवलेलं शेण, आणि त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी, शेजारच्या खांबाला धरून वरखाली होणारी. गॅस झाला की टाकी वर येते, शेगडी जळली की खाली बसते. चार महिने कुणी शेगडी पेटवली नव्हती. शेण मात्र मी रोज टाकत होतो, कारण चार गाईंचं शेण कुठंतरी टाकायला हवंच. टाकी वर येऊन तिथंच थांबली होती आणि कडेनं बुडबुडे फुटत होते. बुड, बुड. मी किती वेळ ते ऐकत उभा होतो कोण जाणे.

मग सहज मनात आलं, हा गॅस रोज असाच हवेत जातोय. आणि दारात गाडी उभी आहे पेट्रोलवाचून.

गाडी तिचीच. जुनी, बुटकी, कार्बोरेटरवाली. मागची सीट काढून तिथं दुधाचे कॅन ठेवायची सोय तिनं करून घेतली होती. वीस वर्षं तीच चालवायची. मी शेजारी बसून कॅनची झाकणं धरायचो. ती गेल्यावर टेम्पो लावला आणि गाडीवर धूळ बसली.

मी गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याला सगळे प्लग म्हणतात. कुठलीही तक्रार घेऊन जा, आधी प्लग काढून साफ करतो. त्या दिवसांत त्याच्याकडे एकही गाडी नव्हती. टायरवर बसून कान कोरत होता.

"शेगडीचा गॅस गाडीला चालेल का?"

त्यानं कानातली काडी काढली. "कुठली शेगडी? सिलिंडरची?"

"शेणाची."

"दादा, गुडघ्याचं डोक्यात गेलं का?" असं म्हणाला खरा, पण टायरवरून उठलाही. "शहरात होतो तेव्हा गॅसच्या शंभरेक गाड्या केल्यात मी. पण तो दाबलेला गॅस, जाड सिलिंडरातला. तुमचा हा असा मोकळा." त्यानं काडी कानामागे खोवली. "तसं बघितलं तर इंजिनाला काय जळतंय ते कळत नाही. किती हवेबरोबर जळतंय एवढंच कळतं."

"मग हवेचं बघ."

"आणि गॅस नेणार कशातून? खिशातून?"

हा प्रश्न आम्हाला दुपारभर पुरला. तो सोबत घरी आला, टाकीभोवती तीन चकरा मारल्या, गाडीभोवती पाच. दाबायचं यंत्र नाही, म्हणजे गॅस फुग्यात भरून न्यायचा. मोठ्या फुग्याला जागा एकच, छत. माझ्याकडे शेततळ्याच्या जाड प्लास्टिकचा तुकडा उरला होता. त्याची गादीसारखी पिशवी करायचं ठरलं. कडा चिकटवायला बायकोची इस्त्री काढली. प्लास्टिकवर जुना कागद ठेवायचा, वरून इस्त्री फिरवायची. जरा जास्त टेकली तर भोक, कमी टेकली तर फट. पहिल्या दिवशी आम्ही सात भोकं पाडली.

मेव्हणी डबा घेऊन आली तर आम्ही दोघं ओसरीवर गुडघे टेकून इस्त्री करत होतो.

"भाऊजी, घरातले कपडे संपले वाटतं," ती म्हणाली. काय करतोय ते सांगितल्यावर तिनं डबा खाली ठेवला. "म्हणजे बॉम्ब डोक्यावर घेऊन दूध घालायला जाणार."

"बॉम्ब नाही, मावशी," प्लग म्हणाला. "आत हवा शिरली तर धोका. आपण आधी पिशवी पिळून हवा काढणार, मगच गॅस."

"तू तर बोलूच नकोस. तुझ्या गॅरेजात स्कूटर दिली होती, ती अजून प्लग साफ करायला आहे."

पण दुसऱ्या दिवशी कडा दाबायला तीच बसली. तिचा हात हलका होता. तिनं एकही भोक पाडलं नाही.

मला त्या दिवसांत एक गोष्ट कळली. मी सकाळी उठून टाकी बघायला जात होतो. चार महिने उठायचं म्हणून उठत होतो, आता बघायला म्हणून उठत होतो. टाकी संध्याकाळपर्यंत किती वर येते? उन्हात जास्त येते का? एक वीत गॅसवर गाडी किती जाईल? मोजायला म्हणून टाकीशेजारच्या खांबावरचा गंज फडक्यानं पुसला, तर खाली रेघा निघाल्या. खिळ्यानं ओरखडलेल्या, आडव्या. एक खाली, एक मध्ये, एक जरा वर. आणि सगळ्यात वर, खांबाच्या टोकापासून वीतभर अंतरावर, एक फुली.

मी मेव्हणीला विचारलं.

"तिच्याच आहेत त्या," ती म्हणाली. "टाकी या खालच्या रेघेला आली, म्हणजे नुसता चहा होईल. मधली, दोन वेळचा स्वयंपाक. वरची, पाहुणे आले तरी चालतील."

"आणि फुली?"

ती रेघेवरून बोट फिरवत होती ती थांबली. "असेल काहीतरी," म्हणाली, आणि गाईंना पाणी दाखवायला गेली.

प्लगनं कार्बोरेटरच्या तोंडावर एक कडी बसवली, तिला नळी, नळीला पितळी नळ. नळ डॅशबोर्डच्या खाली आणला. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं नळ कमीजास्त करायचा. टाकीतून पिशवीत येताना गॅस दोन डब्यांतून फिरवला. एकात लेथवरचा गंजलेला लोखंडी कीस, घाण वास धरायला. दुसऱ्यात चुन्याचं पाणी, न जळणारा भाग काढून टाकायला. दाब यावा म्हणून टाकीवर दगड ठेवले. पिशवी हळूहळू फुगली, छतावर डुलायला लागली. तिला आडव्या दोऱ्या बांधल्या.

आठव्या दिवशी गाडी गॅसवर चालू झाली. बाटलीभर पेट्रोल प्लगनं फवारणीच्या पंपातून काढलं होतं. त्यावर स्टार्ट केली, मग पेट्रोल बंद, नळ सुरू. गाडी खोकली, थरथरली आणि धरली. आवाज वेगळाच, जाडसर. आम्ही मळ्याच्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या. मी चालवत होतो, सीट तिच्या मापानं पुढे ओढलेली, गुडघा स्टिअरिंगला घासत होता.

"सीट मागे घ्या की," प्लग म्हणाला.

"राहू दे."

पिशवी रिकामी होऊन छतावर पडली तेव्हा आठ किलोमीटर झाले होते. जाऊन यायला दहा लागतात.

दोन किलोमीटर कमी. प्लग म्हणाला, स्पार्कची वेळ जरा अलीकडे घेतो. हा गॅस सावकाश जळतो, त्याला आधी पेटवायला हवं. त्यानं काही फरक पडेल. मी म्हटलं, मी गॅस वाढवतो. मला कुणीतरी सांगितलं होतं की कुजेल त्या सगळ्याचा गॅस होतो. दूध तर पडूनच होतं. वासरं किती पिणार, शेजारी किती नेणार. रोजचे वीसेक लिटर उरत होते. मी ते शेण टाकायच्या तोंडातून टाकीखालच्या खड्ड्यात ओतलं. दोन दिवस, रोज एक कॅन. शेणही दुप्पट घातलं.

टाकी चढली. काय चढली. दहाव्या दिवशी संध्याकाळी फुलीच्या वर गेली. मी प्लगला हाक मारून दाखवली.

"दादा, आता येताना चक्कर मारून यायलाही पुरेल," तो म्हणाला.

अकराव्या दिवशी सकाळी कॅन मागे ठेवले आणि निघालो. पिशवी टम्म. पेट्रोलवर गाडी चालू केली ती गरम होईपर्यंत तशीच नेली. वाटेत पेट्रोलपंप आहे. पेट्रोल नव्हतं तरी लोक रोज पहाटेपासून रिकाम्या गाड्यांची रांग लावून बसत. बरोबर त्या रांगेसमोर प्लगनं पेट्रोल बंद करून नळ सोडला. गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

"गादी घेऊन कुठं निघालात, झोपायला?" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"उशी विसरले म्हणून थांबलेत," दुसरा म्हणाला.

प्लगनं बॉनेट उघडलं, प्लग काढला, साफ केला. पुन्हा बसवला. नळ कमी केला, जास्त केला, कडी काढून बघितली. तीस-चाळीस माणसं आमच्याभोवती जमली आणि प्रत्येकाला काय करायचं ते माहीत होतं. ऊन कॅनवर येत होतं. मी झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं. बाटलीत उरलेल्या पेट्रोलवर कशीबशी घरी आलो. ते पेट्रोलही त्यातच संपलं. दूध गेलं.

घरी प्लगनं कार्बोरेटरचा स्क्रू न स्क्रू सुटा करून वर्तमानपत्रावर मांडला. तीनदा पुसला. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे, हेच तर कळत नाही."

मेव्हणी गोठ्यामागे गेली होती. तिथून तिनं हाक मारली. आवाज रोजचा नव्हता.

"भाऊजी, यात काय ओतलंत?"

मी गेलो. ती टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेत होती.

"दूध," मी म्हटलं.

"किती?"

"दोन कॅन."

ती उठून उभी राहिली. पदरानं हात पुसले. "काडी आणा."

टाकीच्या नळाला लांब नळी होती, तिच्या टोकाशी तिनं काडी धरली. गॅस जोरात येत होता, नुसता फुस्स आवाज. काडी विझली. दुसरी विझली. तिसरी काडी विझवून गॅसनंच आम्हाला सांगितलं.

"आंबलंय," मेव्हणी म्हणाली. "टाकी वर आली म्हणून खूश झालात ना? ती नुसती फुगलीय. पोट फुगल्यासारखी. त्यात जळायला काही नाही."

प्लग मागे उभा होता. "म्हणजे मी सकाळपासून इंजिन उघडतोय..."

"आणि दुखणं इथं," ती म्हणाली.

मी फुलीकडे बघत होतो. ती बाकीच्या रेघांच्या वर, उघडी, उन्हात, आणि टाकी तिच्याही वर गेलेली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दूध ओताल असं कुणाच्या मनात येणार?" ती काठावर बसली. मग म्हणाली, "तिनं ओतलं होतं. टाकी नवीन होती तेव्हा. एकदा केंद्रानं कॅन परत पाठवला, तर हिनं इथं रिकामा केला. टाकी अशीच वर आली. ती नाचायचीच बाकी होती. दुसऱ्या दिवशी शेगडी पेटेना. मग हे सगळं निस्तरल्यावर खिळा घेऊन ही फुली मारली. म्हणाली, ताई, याच्या वर गेली की समजायचं काहीतरी चुकलंय."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही हसला असता."

मला आठवलं. चार दिवस आम्ही मेव्हणीकडे जेवलो होतो. शेगडीचं भोक बुजलंय असं तिनं सांगितलं होतं, आणि मी तारेनं ते साफ करत बसलो होतो. चार दिवस साफ करत होतो. ती दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. मी हसलो. हसताना गुडघ्याला हिसका बसला आणि खाली बसलो.

"मग निस्तरलं कसं?" प्लगनं विचारलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. इंजिनापेक्षा त्याला आता हेच मोठं वाटत होतं.

"उपाशी ठेवलं. शेण बंद. सकाळ-संध्याकाळ चुन्याचं पाणी बादलीभर. आणि बाहेर पडलेला जुना शेणकाला उचलून परत आत. विरजण लावतो ना, तसं. चौथ्या दिवशी पेटलं होतं."

मी बोटं मोजली. आज अकरावा. आजचा धरून चौथा दिवस म्हणजे चौदावा, आणि पंधराव्याला दूध पोचायलाच हवं.

त्या तीन दिवसांत आम्ही तिघांनी मिळून त्या टाकीची रुग्णासारखी सेवा केली. टाकीतला निकामी गॅस सोडून दिला. मी बांबूनं ढवळायचो, प्लग काला उचलायचा, मेव्हणी चुना कालवायची आणि दोघांनाही बोलायची. संध्याकाळी नळीशी काडी धरायची. बाराव्या दिवशी विझली. तेराव्या दिवशी विझली, पण टोकाशी जरा निळं दिसलं असं प्लग म्हणाला. मेव्हणी म्हणाली तिला काही दिसलं नाही. चौदाव्या दिवशी काडी धरली तशी ज्योत लागली, पिवळट, थरथरती. मग निळी झाली. काडी मेव्हणीच्या बोटांपर्यंत जळत आली तेव्हा तिनं ती टाकली.

पंधराव्या दिवशी सकाळी टाकी वरच्या रेघेलाही पोचली नव्हती. मधल्या रेघेच्या चार बोटं वर. दगड ठेवून सगळा गॅस पिशवीत घेतला. पिशवी गेल्या वेळेसारखी टम्म नव्हती, एका बाजूला कलली होती.

"आठसुद्धा होणार नाहीत," मी म्हटलं.

"स्पार्क अलीकडे घेतलाय. बघू."

"तिकडून येताना पुलापर्यंत उतार आहे," मेव्हणी म्हणाली. "ती गाडी बंद करून सोडायची. तुम्ही शेजारी झाकणं धरून बसायचात, तुम्हाला काय कळणार."

पेट्रोल उरलं नव्हतं, गॅसवरच स्टार्ट करायची होती. मी आत बसलो. सीट माझ्या अंगाखाली मागे सरकली. मी प्लगकडे बघितलं.

"खटका गंजला होता, तेल दिलं," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "गुडघ्यानं क्लच दाबायचाय तुम्हाला, भांडायचं नंतर."

चार वेळा फिरवल्यावर इंजिन लागलं. आम्ही हळू गेलो, सायकलवाले पुढे जात होते. प्लग नळावर हात ठेवून, डोळे मिटून आवाज ऐकत होता. पंपासमोरची रांग आली. कुणी काही म्हणालं असेल, इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मग मागून टाळ्या ऐकू आल्या. चढावर गाडी इतकी मंदावली की प्लग खाली उतरून चालायला लागला आणि खिडकीतून हात घालून नळ धरून ठेवला.

केंद्रात पोचलो तेव्हा आठला सहा मिनिटं होती. कारकुनानं आधी छताकडे बघितलं, मग आमच्याकडे. काही न विचारता कॅन तोलले, नमुना घेतला, मशीनमध्ये घातला.

"एक्केचाळीस," तो म्हणाला आणि पावती फाडली. तिचं नाव होतं. "काका, फॉर्म देऊ का?"

"दे," मी म्हटलं. "पण तिचं नाव वर राहू दे. माझं खाली लिही."

"तसा रकाना नाही."

"मग राहू दे तसंच."

त्यानं खांदे उडवले. फॉर्म मात्र मी या वेळी खिशात नाही, गाडीच्या कप्प्यात ठेवला.

येताना पुलापर्यंत इंजिन बंद. रिकाम्या कॅनचा खडखडाट आणि टायरचा आवाज, बाकी काही नाही. वीस वर्षं मी याच उतारावर तिच्याशी बोलत आलो होतो आणि गाडी बंद असते हे कधी लक्षात आलं नव्हतं. फाटकापासून हाकेच्या अंतरावर पिशवी पार पडली, काचेवर लोंबायला लागली. शेवटचं आम्ही ढकललं.

मेव्हणी गोठ्यामागे होती. आम्ही जाऊन येईपर्यंत टाकी दोन बोटं वर आली होती.

मी खिळा आणला. सकाळी टाकी जिथं होती तिथं एक रेघ ओढली, तिच्या मधल्या रेघेच्या चार बोटं वर. केंद्र, जाऊन-येऊन. माझी रेघ वाकडी आली. मेव्हणीनं तिच्यावरून बोट फिरवलं.

"ताई, ही खालची रेघ चहाची म्हणालात. पण टाकी अजून तिच्यापर्यंतही नाही. दोन बोटांत किती होईल?"

"ते तिनं कधी मोजलं नव्हतं," ती म्हणाली.

प्लग पायरीवर बसून पाय दाबत होता. तिघांचा म्हणजे तीन कप. मी स्वयंपाकघरात गेलो, शेगडीवरचं फडकं काढलं, भांड्यात तीन कप पाणी मोजून घातलं आणि काडी ओढली. बघू, होतंय का.